रविवारचा मातीचा क्लास, खानापूर तालुका : पाचपैकी सव्वाचार

आधी कामाचं सांगते. खानापूर तालुक्यातल्या एका गावात, कुंभाराच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हा क्लास चालतो. सकाळी १० ते १. एका वेळी सहाच माणसं घेतात. एका दिवसाचे ३५० रुपये, माती त्यातच. भाजणावळ नगामागं २० रुपये वेगळी. पैसे त्या त्या दिवशी, निघताना, बिस्किटाच्या डब्यात टाकायचे. महिन्याचे आगाऊ देते म्हटलं तर मावशी घेत नाहीत. "पुढच्या खेपेला आलीसच नाहीस तर परत द्यायला मी बेळगावला येऊ काय?" म्हणतात.

गावाचं नाव मी लिहिलेलं नाही, मावशींचंही नाही. शीर्षकातला रविवारही खरा नाही, वार दुसराच आहे. रिव्ह्यू लिहायचा आणि पत्ता द्यायचा नाही हे विचित्र आहे, मान्य. पण मी सहा वर्षं एका जागी होते, तिथून बाहेर पडून आता चौथं वर्ष चालू आहे, आणि तिथली काही माणसं अजून माझी चौकशी करत असतात. मी कुठल्या दिवशी कुठं असते हे त्यांना कळायला नको. ज्यांना खरंच जायचंय त्यांनी मला विचारावं. मी आधी मावशींना विचारीन आणि मग सांगीन.

बेळगावहून जायला सोपं आहे. खानापूरची बस धरायची, पिरनवाडी, मच्छे, इदलहोंड, गणेबैल करत तासाभरात खानापूर, तिथून पुढं थोडं. जून २०२३ पासून आपल्याकडं कर्नाटकात बायकांना सरकारी बसचं तिकीट नाही, फक्त आधार दाखवायचं. तुम्हाला ही बारीकशी गोष्ट वाटेल. माझं आधार, बँकेचं पासबुक आणि एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं, मार्क्सकार्ड 'तिथं' जमा होतं. सांभाळायला म्हणून घेतलेलं. आधारला जोडलेला मोबाईल नंबरही त्यांनीच घेतलेला, त्यामुळं बाहेर पडल्यावर साधं कार्ड डाउनलोड करायलासुद्धा ओटीपी त्यांच्याच कुणाच्या तरी हातात पडला असता. सेवा केंद्रात अंगठे टेकवून नंबर बदलून घेतला, मग कार्ड पोस्टानं शहापूरच्या घरी आलं. ते घेऊन मी पहिला प्रवास केला तो या क्लासला. कंडक्टर म्हणाला, "आधार तोर्सी," मी दाखवलं, आणि शून्य रुपयांचं तिकीट हातात आलं. ते तिकीट मी जपून ठेवलंय. वहिनी हसते. हसू दे.

'तिथं' म्हणजे कुठं, ते सांगणार नाही. कुठल्या देवाचं, कुठल्या भाषेचं, तेही नाही. आम्ही त्या जागेला 'घर' म्हणायचो आणि आपापल्या आई-बापाच्या घराला 'बाहेर'. "बाहेर जाऊन आलीस?" म्हणजे आईला भेटून आलीस का. भेटायला जाताना सोबत दोघीजणी द्यायच्या. पहाटे साडेतीनला उठायचं, पगार द्यायचा, फोन द्यायचा, आणि रात्री सगळ्यांसमोर आपली 'चुकांची वही' वाचायची. चूक नसली तर शोधून लिहायची, कारण "आज काही चूक नाही" हीच सगळ्यात मोठी चूक धरली जायची. बाकीचं मी इथं लिहिणार नाही. धारवाडच्या डॉक्टरबाईंना सांगून झालंय, तेवढं पुरे.

पण एक सांगावंच लागतं, नाहीतर मातीच का हे कळणार नाही. मी शाळेत ड्रॉइंगची लोअर आणि हायर दोन्ही परीक्षा पास झालेली. बरी चित्रं काढायची. 'घरात' हे कळलं, आणि मला चित्रांची सेवा मिळाली. सेवा म्हणजे तिथल्या मुख्य माणसाचे फोटो बघून पेन्सिलीनं चित्रं करायची. त्यातही बहुतेक डोळे. डोळे नीट उतरले नाहीत तर तुझं मन शुद्ध नाही. सहा वर्षांत मी ते डोळे किती वेळा काढले याचा हिशेब नाही. बाहेर पडल्यावर भाच्याच्या वहीत त्याला मांजर काढून द्यायला बसले, तर मांजराला तेच डोळे आले. हात आपोआप जात होता. त्या दिवशी मी घरातल्या सगळ्या पेन्सिली गोळा करून माळ्यावर टाकल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, गोळ्या चालू राहू देत, बोलणंही चालू ठेवू, पण हातांना दुसरं काहीतरी काम द्या. ज्याला डोळे नाहीत, कागद नाही, आणि ज्यात कुणासारखं काही काढायचं नाही असं.

मी लगेच मातीकडं गेले नाही. आधी बेळगावातच एका हॉलमध्ये दोन दिवसांचं शिबिर केलं, 'कलेतून मनःशांती' अशा धर्तीचं. नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती. पण आल्या आल्या फोन टोपलीत ठेवायला लावले. मग दार लावून गोल बसवलं, डोळे मिटायला लावले, आणि आयुष्यातली सगळ्यात खोल जखम शेजारच्या अनोळखी बाईला सांगा आणि मग तिचं चित्र काढा, असं सांगितलं. मी म्हटलं, मला सांगायचं नाही. तर ती ताई गोड आवाजात म्हणाली, "बघा, तुम्ही अडवताय स्वतःला." हे वाक्य मी सहा वर्षं ऐकलंय, अगदी याच गोड आवाजात. मी बाथरूममध्ये जाऊन ओकले, टोपलीतून फोन काढला आणि रिक्षा धरली. पुढच्या भेटीत डॉक्टरबाईंनी सांगितलं की रॉबर्ट लिफ्टन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं १९६१ सालीच असल्या जागांच्या आठ खुणा लिहून ठेवल्यात, आणि सतत कबुली द्यायला लावणं ही त्यातली एक. म्हणजे आमची वही काही जगावेगळी नव्हती. ऐकून बरंही वाटलं आणि चीडही आली. आपण एवढं भोगलं ते कुणीतरी आपल्या जन्माआधीच आठ कलमांत मांडून ठेवलेलं.

तेव्हापासून मी कुठल्याही क्लासला गेले की आधी दार बघते. दार उघडं आहे का, उघडता येतं का, माझी चप्पल दाराजवळ आहे का. मग फोन कुणी मागतं का. पैसे कसे घेतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एखाद्या दिवशी गेले नाही तर काय होतं. शिकवणाऱ्याच्या हाताला किती कला आहे हे त्याच्यानंतर.

या शेडला दारच नाही. तीन बाजूंनी पत्रा, चौथी बाजू उघडी, पुढं फणसाचं झाड आणि त्याच्या पलीकडं रस्ता. मला तिथंच निम्मं बरं वाटलं.

मावशी साठीच्या आसपासच्या. आमच्या बेळगावकडच्या बायका बोलतात तशाच बोलतात, 'मी सांगतो', 'मी येतो'. पुण्याच्या माणसाला गंमत वाटते. त्यांचे मालक तरुणपणी खानापुरातच खादी ग्रामोद्योग आयोगाचं कुंभारकामाचं केंद्र आहे, तिथं शिकलेले. मावशी कुठंच शिकलेल्या नाहीत, त्या सासूकडून शिकल्या. चाक मालक आणि मुलगा चालवतात. मावशींचं काम सगळं हातावरचं, थापटण्याचं आणि मातीच्या वळ्या रचण्याचं. पहिल्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं, गाव विचारलं, आणि मातीचा गोळा पुढ्यात ठेवला. का आलीस, हे विचारलं नाही. मी सांगायची तयारी करून गेले होते, एक छोटं खोटं पाठ करून. ते वापरावंच लागलं नाही.

माती मळायला दीड तास. कणीक तिंबतो तसंच, पण पूर्ण अंगाचा भार टाकून. आत हवेच्या पोकळीत ओल राहिली तर भाजताना तडकतं, म्हणून पुन्हा पुन्हा. मध्येच तारेनं गोळा कापून आतले बारीक पोकळे बघायचे. खांदे दुखले. दीड तासात माझ्या डोक्यात एकही वाक्य आलं नाही, ना माझं, ना त्यांचं. सहा वर्षं आणि वर दोन वर्षं माझं डोकं चोवीस तास चुकांची वही लिहीत होतं. त्या दिवशी परत येताना इदलहोंडच्या आसपास लक्षात आलं की आज सकाळपासून वहीत काही लिहिलंच गेलं नाही.

(डॉक्टरबाईंनी एका अभ्यासाचंही सांगितलं होतं. २०१६ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात ३९ मोठ्या माणसांना ४५ मिनिटं रंग, कागद, माती यातलं हवं ते घेऊन हवं ते करायला दिलं. आधी आणि नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांचं खाली आलं होतं. चित्रकला येणं न येणं यानं विशेष फरक पडला नाही. म्हणजे दर चारांत एकाचं खाली आलं नाही. मी बऱ्याच वेळा त्या चौथ्यात असते, हे आधीच सांगून ठेवते.)

पहिली वस्तू केली ती बैल. ज्येष्ठी अमावास्या जवळ आलेली, कन्नडात मण्णेत्तिन अमावास्या म्हणतात, मातीच्या बैलांची पूजा. शेडमध्ये गावातली पोरंही बैल करायला आलेली. मी बैल केला. पाय जाडे, वशिंड फार मोठं, डोळे नाहीत. मावशींनी बघितलं. "डोळं?"

"नकोत," मी म्हटलं.

"बरं," म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडं गेल्या.

एवढंच. पण 'नकोत' म्हटल्यावर 'बरं' असं उत्तर येतं, हे मला कितीतरी वर्षांनी ऐकायला मिळालं. मी माझ्या बैलाकडं बघत बसले, आणि तेवढ्यात मावशींच्या पाच वर्षांच्या नातीनं जोंधळ्याचं चिपाड घेऊन त्याला दोन भोकं पाडली. एक वर, एक खाली. माझा श्वास अडकला. पोरगी म्हणाली, "आता दिसतंय त्याला." तिरळा बैल. मी एवढी हसले की सगळे बघायला लागले. तो आमच्या टीव्हीवर आहे. बिनभाजलेला आहे, हात लावला तर भुगा होईल, म्हणून आई त्याच्यावरची धूळसुद्धा पुसत नाही.

आता थापटण्याचं, म्हणजे मडक्याला आकार देताना मारायच्या लाकडी फळीचं, सांगते, कारण तिसऱ्या आठवड्यात मी पळून जायच्या बेतात होते. गोरोबाकाकांची गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत असते. तेरला संत जमले, मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून बघितलं, नामदेव तेवढे रागावले आणि त्यांचं मडकं कच्चं ठरलं. 'घरात' मुख्य माणसाकडं एक लाकडी थापटणं होतं. आठवड्याच्या सभेत ही गोष्ट व्हायची आणि मग थापटणं फिरायचं. जो हलला तो कच्चा. सुरुवातीला नुसतं टेकवायचे. सुरुवातीला.

मावशींनी भिंतीवरच्या खिळ्याचं थापटणं काढलं आणि मी उठून बाहेर फणसाखाली जाऊन बसले. हातपाय गार. मावशी दहा मिनिटांनी चहा घेऊन आल्या. "आज नको वाटत असंल तर बस यीपर्यंत हितंच बस. पैसे घालू नको डब्यात." मी बसले. पुढच्या आठवड्यातही थापटण्याच्या वेळेला बाहेरच बसले, नातीबरोबर फणसाची पानं मोजत. त्याच्या पुढच्या वेळेला आत राहिले, लांबून बघितलं.

आणि बघितल्यावर कळलं की मी सहा वर्षं जे ऐकलं ते कुंभारकामच नव्हतं. मडक्याच्या आत मावशींचा डावा हात होता, त्यात एक गोल गुळगुळीत दगड. बाहेरून थापटण्याची थाप जिथं पडायची, आतून दगड बरोबर तिथंच. थाप हलकी, टप टप टप, जशी आई बाळाला निजवताना पाठीवर मारते तशी. मडकं हळूहळू फुगत होतं. "आत दगड धरल्याबिगर भायेरनं मारलं की फुटलंच ते," मावशी म्हणाल्या. मी धीर करून विचारलं, मग गोरोबांनी थापटण्यानं मडकी तपासली म्हणतात ते? मावशींना हसू आलं. "गोरोबा आमचाच की. खरं भाजलेलं मडकं तपासायला थापटणं कोण घेतंय? बोटाच्या पेरानं वाजवायचं. थापटणं लागतंय ते कच्च्यालाच, आणि ते बी जरा वढ लागली की मग. वलं असताना मारलं तर चिकटतंय, वाळल्यावर मारलं तर तडकतंय." आणि एक भाजलेलं गाडगं उचलून त्यांनी पेरानं वाजवलं. टण्ण. माझ्या हातात दिलं. मीही वाजवलं.

मला गोष्टीची भीती नव्हती, हत्याराचीही नव्हती, हे मी तिथं उभ्या उभ्या ओळखलं असं म्हणणार नाही. ओळखलं ते दोन दिवसांनी, भाकरी थापताना. माझ्याच हाताची थाप परातीत ऐकून.

यात मावशींनी काही उपचार केले असं समजू नका. त्यांना माझं काहीच माहीत नाही. म्हणजे आता थोडं माहीत असावं, बायकांना कळतं, पण मी सांगितलेलं नाही. हा मातीचा क्लास आहे, मानसोपचार नाही. दोन्हीची गल्लत केली की काय होतं ते मी त्या हॉलमध्ये बघून आले. माझ्या गोळ्या चालू आहेत, धारवाडच्या फेऱ्या चालू आहेत. एकदा रात्री दोन वाजता फारच झालं तेव्हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन केला होता. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे. पलीकडच्या मुलीनं माझं नाव विचारलं नाही तोवर मी बोलले, विचारलं तेव्हा फोन ठेवला, मग पुन्हा केला आणि नाव न सांगताच बोलले. चाललं. तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखं असेल तर आधी ते, मग माती.

नावावरून आठवलं. पहिला आवा, म्हणजे भांडी भाजायची भट्टी, लागायच्या आधी मावशी म्हणाल्या, आपापल्या भांड्याच्या तळाला खूण करा, नाहीतर आव्यातनं काढल्यावर कुणाचं कुठलं कळत नाही. सगळ्यांनी काडीनं अक्षरं कोरली. मी काडी घेऊन अडकले. 'घरात' माझं नाव बदललेलं होतं, सहा वर्षं मला त्याच नावानं हाक मारत होते, अजूनही कुणी मागून त्या नावानं बोलावलं तर माझी मान वळते. आईनं ठेवलेलं नाव तोंडात बसायला वेळ लागतोय. शेवटी मी नुसती एक आडवी रेघ मारली. दुसऱ्या आव्यालाही रेघ. चौथ्या वेळी रेघेखाली माझ्या खऱ्या नावाचं पहिलं अक्षर आलं. म्हणजे बघा, वर शिरोरेघ आधीच तयार होती. (हा विनोद मी तेव्हा कुणाला सांगितला नाही, आता सांगतेय.)

बिघडलेल्या भांड्यांचं इथं काय करतात ते मला सगळ्यात आवडलं. शेडच्या कोपऱ्यात एक निळा प्लास्टिकचा ड्रम आहे. फसलेलं भांडं त्यात. मी घाईनं एक ओलसर वाडगा टाकायला गेले तर मावशींच्या मुलानं थांबवलं. अर्धवट ओलं टाकलं तर तसंच राहतं, आतून गाठ धरून. ते आधी कडकडीत वाळू द्यायचं, मग पाण्यात सोडायचं; दहा मिनिटांत बुडबुडे येऊन आपोआप विरघळतं. मी वाळवून आणलं पुढच्या आठवड्यात, आणि ड्रमपाशी बसून विरघळताना बघितलं. काठ आधी गेला, मग भिंती, मग तळ. त्याच मातीचं दुसऱ्या कुणीतरी पुढं काहीतरी केलं असेल. आमच्या 'घरात' फसलेलं चित्र सभेत दाखवून फाडायचे. इथं फसलं कुणाचं हे ड्रमला माहीतसुद्धा नसतं.

हे सगळं आव्याच्या आधीच. एकदा भाजलं की परत फिरणं नाही. सुमारे ६०० अंशांच्या पुढं मातीतलं बांधलेलं पाणीसुद्धा निघून जातं, मग तिचा पुन्हा चिखल होत नाही. इथला आवा जुन्या पद्धतीचा आहे, गोवऱ्या, लाकूड, भाताचा पेंढा, वर फुटकी खापरं आणि चिखलाचा लेप. विजेची भट्टी नाही. त्यामुळं भांड्यांवर कुठंही काळे डाग येतात, धुराचे. ज्यांना एकसारखं, चकचकीत, दुकानात ठेवण्याजोगं हवंय त्यांनी इथं येऊ नये, निराश व्हाल. माझ्या पहिल्या चारांतली दोन फुटली. एक पावसाळ्यात पूर्ण वाळलं नव्हतं म्हणून, दुसरं का ते कुणालाच सांगता आलं नाही. मी मावशींना विचारलं, माझं काय चुकलं? त्या म्हणाल्या, "चुकलं कशाला पायजे? आव्यात फुटतंय कधी कधी." मला हे पचायला दोन आठवडे लागले. काहीतरी फुटलं आणि चूक कुणाचीच नाही, हा हिशेब मला येत नव्हता.

आता तक्रारी.

फोटो. मावशींचा मुलगा क्लासची जाहिरात म्हणून व्हॉट्सॲप स्टेटसला फोटो टाकतो. ऑगस्टमध्ये एका फोटोत मी पाठमोरी होते. पाठमोरी असले तरी माझी वेणी 'तिथल्या' लोकांना ओळखू येते. मी सांगितल्यावर त्यानं पाच मिनिटांत काढलं, पण तोवर ४१ जणांनी बघितलेलं. त्या दोन रात्री मी झोपले नाही. आता खांबाला पुठ्ठ्याची पाटी आहे, 'विचारल्याशिवाय फोटो काढू नये', कन्नडात आणि मराठीत. त्यानंच लिहिली. तरी अर्धा तारा कापते. राग नाही, पण दोन रात्री गेल्या त्या गेल्या.

हात. चाकावर शिकवताना शिकवणारा आपल्या हातावर हात ठेवतो, तो मातीकामातला रिवाजच आहे. मावशी आधी विचारतात, "हात लावू?" मुलगा पहिल्या दिवशी विचारायचं विसरला. मी दचकले, भांडं कोसळलं, चिखल त्याच्या शर्टावर. त्यानंतर तो स्वतःच्या चाकावर करून दाखवतो आणि मी माझ्या चाकावर. याचे गुण मी कापत नाही; भांडं कोसळल्यावर त्यानं एकदाच सॉरी म्हटलं आणि पुन्हा विषय काढला नाही. जास्त माफी मागणाऱ्या माणसांचीही मला भीती वाटते.

संडास. घराच्या मागं, कडी नीट लागत नाही, आतून बादली लावावी लागते. पाव तारा त्यासाठी. मावशींना सांगितलंय, त्या म्हणाल्या बघतो. सहा महिने बघताहेत.

आणि मावशी फार बोलतात. सुनेबद्दल, भाताच्या भावाबद्दल, मराठी शाळेत पोरं कमी झाली त्याबद्दल. पण तुम्हाला उत्तर द्यावं लागत नाही. पहिले दोन महिने मी फक्त 'हूं' म्हणत होते, तेवढं त्यांना पुरत होतं.

मध्ये दिवाळीनंतर मी तीन आठवडे गेलेच नाही. अंगात ताकद नव्हती, कारण काही नाही. 'घरात' एक दिवस चुकला तर दाराशी तिघं यायचे. तीन आठवडे मी घरी बसून वाट बघत होते, फोन येईल, का आली नाहीस म्हणून. आला नाही. चौथ्या आठवड्यात गेले तर मावशी माती चाळत होत्या. वर बघून म्हणाल्या, "आलीस? तुझं झाकण वाळलंय बघ." फळीवर माझं झाकण तसंच होतं, त्यावर कुणीतरी ओलं फडकं घालून ठेवलेलं, सावकाश वाळावं म्हणून. ते फडकं तीन आठवड्यांत किती वेळा ओलं केलं असेल ते मी विचारलं नाही.

संक्रांतीला आम्ही सुगडं केली, प्रत्येकीनं पाच. माझी पाचही आव्यातून नीट आली. आईनं वाण द्यायला नेली. एका काकूंनी विचारलं कुठल्या दुकानातली. आईनं काय सांगितलं मला माहीत नाही, पण त्या दिवशी तिनं मला दोनदा हाक मारली, माझ्या खऱ्या नावानं, काही काम नसताना.

पेन्सिली अजून माळ्यावरच आहेत. घाई नाही.

जायचंच असेल तर जुना टॉवेल न्या, त्यांचे टॉवेल कधी वाळलेले नसतात. नखं कापून जा. अंगठी, बांगड्या घरी ठेवा, मातीत एकदा गेलेली अंगठी आमच्या बॅचच्या एका बाईला आव्यातून काढल्यावर सापडली होती, काळी होऊन. डबा न्या, गावात हॉटेल नाही. मावशी चहा देतात, त्याचे पैसे घेत नाहीत. परतीची बस सव्वाची चुकली तर पुढची तीनला, तेवढा वेळ फणसाखाली बसता येतं. आणि आधार कार्ड मूळ न्या, स्वतःच्या पर्समध्ये, स्वतःजवळ.